दैवज्ञ आणि नक्षत्रसूचक

अमरसिंहाच्या कोशात भविष्य जाणणाऱ्या माणसासाठी एकापाठोपाठ आठ शब्द आले आहेत: सांवत्सर, ज्यौतिषिक, दैवज्ञ, गणक, मौहूर्तिक, मौहूर्त, ज्ञानी आणि कार्तांतिक. लक्षणांवरून शुभाशुभ सांगणाऱ्या स्त्रीसाठी विप्रश्निका आणि ईक्षणिका हे शब्द वेगळ्या ठिकाणी आहेत. एका व्यवसायाला इतकी नावे लाभली, यावरून त्या काळच्या राजसभेत आणि गृहस्थाच्या ओसरीवर या माणसाचे स्थान काय होते, याची कल्पना येते. पुढे या शब्दांचे नशीब फिरले. ज्योतिषी झिजून झिजून जोशी झाला आणि आडनावात स्थिरावला. दैवज्ञ हे कोकणात आणि गोव्यात एका समाजाचे नाव म्हणून ओळखले जाते. गणकाला एक उपसर्ग लागला आणि तो संगणक होऊन घराघरांत येऊन बसला. ज्ञानी हा शब्द तर भविष्याशी असलेले नातेच विसरला. सांवत्सर मात्र कोशाबाहेर फारसा कधी पडला नाही.

कोशकाराने शब्द गोळा केले. त्या शब्दांना पात्र कोण आणि अपात्र कोण, हे ठरविण्याचे काम दुसऱ्या एका पंडिताने केले. त्याचे नाव वराहमिहिर. विक्रमादित्याच्या दरबारातील नवरत्नांच्या आख्यायिकेत अमरसिंह आणि वराहमिहिर शेजारी बसतात. मात्र ती यादी ज्या ‘ज्योतिर्विदाभरण’ ग्रंथात आहे, तो कालिदासाच्या नावावर असला तरी बऱ्याच नंतरचा आहे. नवरत्ने एकाच काळात एका छताखाली नांदली, हे इतिहासाला मान्य होण्यासारखे नाही.

वराहमिहिराविषयी खात्रीने सांगता येण्याजोगे फार थोडे आहे, आणि ते बहुतेक त्यानेच सांगितलेले आहे. तो अवंतीचा, म्हणजे उज्जयिनीच्या परिसरातला. वडिलांचे नाव आदित्यदास. विद्या त्याला वडिलांकडूनच मिळाली आणि कापित्थक नावाच्या गावी सूर्याचा वरप्रसाद लाभला, असे ‘बृहज्जातका’च्या अखेरीस तो नोंदवतो. हे कापित्थक म्हणजे उज्जैनजवळचे कायथा, असे अनेक अभ्यासक मानतात. वि. श्री. वाकणकरांनी शोधलेल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीमुळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित झालेले कायथा ते हेच. दुसऱ्या मताप्रमाणे उत्तर प्रदेशातील संकिसा हे ते गाव होय.

पित्याच्या नावात आदित्य, पुत्राच्या नावात मिहिर. घरात सूर्योपासना होती हे उघड आहे. मिहिर हा शब्द इराणी मित्र-मिहराशी नाते सांगतो. टीकाकार उत्पलाने त्याला मग ब्राह्मण म्हटले आहे. इराणकडून आलेल्या सूर्यपूजकांशी या मगांचा संबंध जोडला जातो. सूर्याची मूर्ती कशी घडवावी हे सांगताना वराहमिहिर तिला उत्तरेकडील वेश द्यायला सांगतो, अंग पायांपासून छातीपर्यंत झाकायला सांगतो, आणि त्या मूर्तीची प्रतिष्ठापना मगांकडून करवावी असेही सुचवतो. घरची परंपरा अशी ग्रंथात डोकावते.

त्याचा काळ सहाव्या शतकाचा. ‘पंचसिद्धांतिका’ या ग्रंथातील गणिताचा आरंभ त्याने शके ४२७, म्हणजे इ. स. ५०५ पासून धरला आहे. आमराज नावाच्या नंतरच्या टीकाकाराने त्याच्या मृत्यूचे वर्ष शके ५०९, म्हणजे इ. स. ५८७ असे दिले आहे. दोन्ही वर्षे खरी मानली तर आयुष्य फारच दीर्घ होते; त्यामुळे कोणी ४२७ हे त्याचे जन्मवर्षच मानतात. करणग्रंथाचा आरंभकाल ग्रंथरचनेपूर्वी काही वर्षे धरलेला असू शकतो, ही साधी शक्यता मला अधिक पटते.

तो काळ शांततेचा नव्हता. गुप्तांचे साम्राज्य विस्कटत होते. तोरमाण आणि मिहिरकुल या हूण राजांच्या स्वाऱ्या माळव्यापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि मंदसोरचा यशोधर्मन त्यांना परतवून लावत होता. शकुनांवर लिहिताना अवंतीचा राजा द्रव्यवर्धन याच्या ग्रंथाचा आपण उपयोग केला, असे वराहमिहिर सांगतो. राज्ये उलथून पडत असताना राजाला पुढचे सांगणारा माणूस हवाच असतो, आणि अशा वेळी तो माणूस खोटा निघण्याचा धोकाही सर्वांत मोठा असतो.

माणूस फारसा ठाऊक नसला की लोक त्याच्या कथा रचतात. एका कथेत राजपुत्राला वराहापासून मृत्यू येईल असे हा ज्योतिषी सांगतो. राजा मुलाला प्रासादात कडेकोट बंदोबस्तात ठेवतो आणि नेमक्या वेळी ध्वजस्तंभावरील वराहाची आकृती अंगावर पडून मुलगा मरतो. तेव्हापासून मिहिराचा वराहमिहिर झाला म्हणतात. दुसरी कथा याच्या अगदी उलट आहे आणि तिचे स्थळ आपले पैठण आहे. राजशेखरसूरीच्या ‘प्रबंधकोशा’त प्रतिष्ठानपुरीचे भद्रबाहू आणि वराह हे दोन ब्राह्मण बंधू येतात. भद्रबाहू जैन आचार्य होतो. वराह रागावून दूर जातो व ज्योतिषी म्हणून नाव कमावतो. आपल्या नवजात मुलाला शंभर वर्षांचे आयुष्य आहे, असे वराह जाहीर करतो. भद्रबाहूचे भाकीत वेगळे असते: सात दिवसांत मांजरामुळे मृत्यू. घरातली सगळी मांजरे हाकलली जातात, आणि शेवटी मांजर कोरलेला दाराचा अडसर पडून मूल दगावते. दोन्ही कथांचा सांगाडा एकच; एकीत वराहमिहिर जिंकतो, दुसरीत हरतो. ज्योतिषी कोणाच्या बाजूचा, यावर त्याचे भाकीत खरे की खोटे हे ठरत असावे!

बंगालमधील कथा अधिक क्रूर आहे. तिथे वराह आणि मिहिर हे बापलेक आहेत. वराहाचे गणित चुकते, मुलाला अल्पायुषी समजून तो त्याला नदीत सोडून देतो. मुलगा वाचतो, दूरदेशी वाढतो, आणि खना नावाच्या विदुषीशी विवाह करून परततो. सून सासऱ्याची चूक दाखवून देते. पुढे तिची भाकिते सासऱ्याहून खरी ठरू लागतात, तेव्हा तिची जीभ कापली जाते. खनाच्या नावावर शेतीची आणि पावसाची शेकडो वचने बंगालच्या खेड्यांत आजही सांगितली जातात. आपल्याकडे सहदेव-भाडळीच्या नावावर आडाखे सांगतात, त्याच जातीची. बेडाचांपा गावाजवळच्या चंद्रकेतुगढच्या परिसरात एका टेकाडाला खना-मिहिराचे नाव आहे. इतिहासात मात्र वराहमिहिराच्या मुलाचे नाव पृथुयशस्. तोही ज्योतिषी होता आणि प्रश्नविद्येवरील ‘षट्पंचाशिका’ हा त्याचा छोटा ग्रंथ प्रसिद्ध आहे.

कथा बाजूला ठेवून ग्रंथांकडे वळले की वेगळाच माणूस भेटतो. ‘पंचसिद्धांतिके’त त्याने पैतामह, वासिष्ठ, रोमक, पौलिश आणि सूर्य या पाच सिद्धांतांचे सार दिले, आणि सार देऊन तो थांबला नाही. पौलिश बरोबर येतो, रोमक त्याच्या जवळपास, सूर्यसिद्धांत त्याहून स्पष्ट, उरलेले दोन दूर भरकटलेले, असा निवाडा त्याने ग्रंथाच्या आरंभीच केला. पैतामह म्हणजे खुद्द ब्रह्मदेवाच्या नावाचा सिद्धांत. रोमक नावावरूनच परदेशी. नाव कोणाचे, यापेक्षा आकाशाशी कोणता जुळतो, हा त्याचा निकष होता.

याच ग्रंथात यवनपूर आणि उज्जयिनी यांच्यातील अंतर त्याने ७ नाडी २० विनाडी असे कालाच्या मापात दिले आहे. यवनपूर म्हणजे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया. नाडी २४ मिनिटांची. म्हणजे अंतर २ तास ५६ मिनिटे झाले. आजच्या मोजणीप्रमाणे ते ३ तास ३ मिनिटांच्या आसपास येते. मधे एवढा समुद्र आणि वाळवंट असताना हा फरक थोडाच म्हणायचा. अर्थात सर्वच ठिकाणी तो बरोबर नव्हता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मत त्याने नाकारले. तसे असते तर आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्याकडे परतू शकले नसते, असा त्याचा युक्तिवाद होता.

यवनांविषयी तो मोकळ्या मनाने लिहितो. ते म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट नांदते आणि म्हणून त्यांना ऋषींप्रमाणे मान मिळतो, असा त्याचा अभिप्राय आहे. ‘बृहज्जातका’त त्याने बारा राशींची ग्रीक नावे संस्कृत पेहरावात दिली आहेत: मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, सिंहाला लेय, कन्येला पाथोन. होरा, केंद्र, द्रेष्काण हे शब्दही ग्रीकच. होरा म्हणजे अहोरात्र या शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरे गळून उरलेला शब्द, अशी एक व्युत्पत्ती काही जण देतात, हे तो नोंदवतो. ग्रीकांचा होरा मूळचा तासाशी संबंधित. निवडणुकीच्या दिवसांत राजकीय पंडितांचा होरा चुकला असे आपण लिहितो आणि मतदान केंद्रावर रांग लावतो, तेव्हा हे दोन ग्रीक पाहुणे आपल्या जिभेवर बसलेले असतात.

आता मूळ मुद्द्याकडे. ‘बृहत्संहिते’च्या दुसऱ्या अध्यायाचे नाव सांवत्सरसूत्र. राजाने पदरी ठेवायचा सांवत्सर कसा असावा, याची ती नेमणूकपत्रिकाच आहे. तो सत्यवचनी, मत्सररहित, सभेत न घाबरणारा आणि समोरच्याच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकणारा असावा, इथपर्यंत कोणीही म्हणेल. नंतरची यादी कठीण आहे. गणित, होरा आणि संहिता या तिन्ही शाखा त्याला यायला हव्यात. युगापासून त्रुटीपर्यंतची कालमाने माहीत हवीत. सौर, सावन, नाक्षत्र आणि चांद्र या चार मानांतला भेद कळायला हवा. अधिकमास आणि तिथिक्षय का होतो, याचे कारण सांगता यायला हवे. ग्रहणाचा स्पर्श कधी, मोक्ष कधी, ग्रास किती, दिशा कोणती, हे आधी वर्तवता यायला हवे. सिद्धांतांत मतभेद असतील तिथे छाया, जलयंत्र आणि प्रत्यक्ष दर्शन यांच्या आधारे डोळ्यांना दिसणारे आणि गणिताने येणारे जुळवून दाखवता आले पाहिजे. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पंचांगशोधनाची जी चळवळ झाली, तिचा आग्रह दृक्‌प्रत्ययाचाच होता. वराहमिहिराची अट तिच्या चौदाशे वर्षे आधीची.

या अध्यायात एक व्यवहारी सूचनाही आहे. रात्रंदिवस आठही दिशांची लक्षणे एकट्या माणसाला पाहता येत नाहीत. म्हणून मुख्य दैवज्ञाला चांगले वेतन द्यावे आणि त्याच्या हाताखाली आणखी चार जाणकार ठेवून दिशा वाटून द्याव्यात. वेधशाळेतील पाळ्यांची ही जुनी आवृत्ती म्हणता येईल.

मग तो अपात्रांकडे वळतो. हातचलाखीने, अंगात आल्याचे भासवून किंवा चोरून कानावर आलेल्या बातमीवरून भविष्य सांगणाऱ्याला काही विचारू नये. तो दैव जाणणारा नव्हेच, असे तो बजावतो. शास्त्र न शिकता दैवज्ञ म्हणून मिरवणाऱ्यासाठी तो एक शब्द वापरतो: नक्षत्रसूचक. म्हणजे आकाशाकडे बोट दाखवण्यापलीकडे ज्याला काही येत नाही तो. अशा माणसाला तो पंक्तिदूषक म्हणतो. जेवणाच्या पंगतीत बसवू नये असा. त्या समाजात याहून मोठी शिक्षा शब्दांनी देता येत नव्हती. मराठीत कुडमुडे जोशी हा शब्द अशाच तुच्छतेने वापरला जातो. मात्र हातात लहानसे कुडमुडे वाजवीत दारोदार फिरणाऱ्या त्या गरीब भिक्षेकऱ्यांपेक्षा वराहमिहिराचा रोख दरबारात मानाने बसलेल्यांवर होता, हे विसरता कामा नये.

इतक्या कठोर परीक्षकाने स्वतः काय केले, हा प्रश्न येतोच. ग्रहणाच्या अध्यायात त्याची कसोटी लागते. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, हे तो स्वच्छ लिहितो. राहू ग्रहणाचे कारण नाही, हे नुसते सांगून तो थांबत नाही, वाद घालतो. राहूची गती नियमित असेल तर तो नेमका हवा तिथे कसा पोहोचतो? ती अनियमित असेल तर ग्रहण गणिताने कसे काढता येते? अष्टमीला पाण्यात तेल टाकून ग्रहणाची दिशा ओळखण्याचा प्रघातही जाणत्यांनी मानू नये, असे तो सांगतो. त्याच अध्यायात ग्रहणकाळी दिल्या जाणाऱ्या दानाचा व आहुतीचा भाग मिळण्याचा वर ब्रह्मदेवाने राहूला दिला, म्हणून लोक तसे म्हणतात, अशी तडजोड येते. आणि मग कोणत्या महिन्यात, कोणत्या रंगाचे ग्रहण झाले तर कोणत्या देशाचा नाश होईल, याची लांबलचक यादी.

ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. छाया म्हणजे काय हे ज्याला कळले होते, त्याने त्या छायेची फळेही सांगितली. राजाश्रयाची गरज म्हणावी, परंपरेचा आदर म्हणावा, की ग्रहांचा मानवी जीवनाशी संबंध आहे या श्रद्धेचा भाग म्हणावा? मला तिसरे उत्तर खरे वाटते. तो दांभिक नव्हता. गणित पक्के झाले की फलितही पक्के होईल, असा त्याचा प्रामाणिक विश्वास होता. म्हणूनच गणित न येणाऱ्यांवर तो इतका चिडला. आणि आपल्या गणिताची मर्यादाही त्याने लपवली नाही. धूमकेतू कधी दिसेल आणि कधी मावळेल हे गणिताने कळू शकत नाही, असे त्याने सरळ लिहून ठेवले आहे. भविष्य सांगणाऱ्याने मला येत नाही असे लिहिणे ही तेव्हाही दुर्मीळ गोष्ट होती.

अयनाबाबतही तसेच. पूर्वीच्या ग्रंथांत दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषांच्या मध्यावर सांगितला आहे. हल्ली तो कर्केच्या आरंभी होतो, असे त्याने नोंदवले, आणि शंका असेल त्याने प्रत्यक्ष पाहून खात्री करावी असे सुचवले. दूरच्या खुणेवरून सूर्याचा उदय पाहा, नाहीतर मोठ्या वर्तुळात शंकूची छाया आत येताना व बाहेर जाताना तपासा. त्याच्या काळी मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ जवळजवळ एकत्र येत असत. आज उत्तरायण २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते आणि आपण तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो. आकाश पुढे गेले, पंचांग मागे राहिले. याची तपासणी करण्याची रीत त्यानेच सांगून ठेवली होती.

त्याच्या विद्येचा सामान्य माणसाशी सर्वांत जवळचा संबंध पावसापाशी येतो. हिवाळ्यात मेघांना गर्भ राहतो आणि १९५ दिवसांनी त्याचा प्रसव होऊन पाऊस पडतो, ही जुनी कल्पना त्याने तपशिलाने मांडली. मार्गशीर्षापासून वारा, ढगांचा रंग, वीज, गडगडाट यांच्या नोंदी ठेवायच्या आणि साडेसहा महिन्यांनी ताळा पाहायचा. ही उपपत्ती आजच्या हवामानशास्त्राला मान्य नाही. पण पडलेला पाऊस मोजण्यासाठी एक हात रुंदीचे पात्र ठेवावे, आणि पन्नास पले म्हणजे एक आढक या मापाने पाणी मोजावे, हे तो सांगतो तेव्हा भाकिताला मोजमापाची जोड मिळते. जमिनीखालचे पाणी शोधण्यावर त्याने स्वतंत्र अध्याय लिहिला. कोणत्या झाडाशेजारी वारूळ असेल तर किती पुरुष खोलीवर पाणी लागेल, याचे ठोकताळे त्यात आहेत. विहीर खणताना कोरडा खडक लागलेल्या शेतकऱ्याला त्या अध्यायाचे मोल सांगायला नको.

‘बृहत्संहिते’चे सुमारे शंभर अध्याय रत्ने, सुगंधी द्रव्ये, वास्तू, मूर्ती, गाई, घोडे अशा विषयांनी भरलेले आहेत. त्यात स्त्रियांची बाजू घेणारा एक अध्यायही आहे. वैराग्याच्या नावाखाली स्त्रियांचे दोष उगाळणाऱ्यांना तो विचारतो की, त्यांच्यात असा कोणता दोष आहे जो पुरुषांत नाही? बंगाली कथेतल्या त्या सासऱ्याशी हा लेखक जुळत नाही, एवढे म्हणावेसे वाटते.

त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाच्या आतच ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला आणि राहूला नाकारणाऱ्यांत आर्यभटाबरोबर वराहमिहिराचेही नाव घेऊन त्यांना लोकविरोधी व शास्त्रविरोधी ठरवले. चार शतकांनी अल्-बिरूनी हिंदुस्थानात आला. वराहमिहिराच्या ज्योतिर्गणिताचा त्याने गौरव केला, ‘लघुजातका’चे अरबीत भाषांतर केले, आणि याच प्रश्नावर ब्रह्मगुप्ताला धारेवर धरले. दहाव्या शतकातल्या उत्पलाच्या टीकांमुळे वराहमिहिराचे ग्रंथ पुढच्या पिढ्यांना नीट उमगले.

पण सगळेच ग्रंथ सारखे टिकले नाहीत. कुंडलीवरचे ‘बृहज्जातक’ देशभर नकलले गेले, शिकवले गेले, पाठ केले गेले. गणितावरची ‘पंचसिद्धांतिका’ जवळजवळ नाहीशी झाली. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज ब्यूलर यांनी मुंबई सरकारसाठी हस्तलिखितांचा शोध घेतला, तेव्हा तिच्या अवघ्या दोन अशुद्ध प्रती हाती लागल्या. त्यांवरून जी. थिबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी १८८९ मध्ये बनारसहून ती प्रसिद्ध केली. मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या आपल्या मराठी ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात तिचा कसून विचार केला. १९७०-७१ मध्ये नॉयगेबाउअर आणि पिंग्री यांनी, आणि नंतर कुप्पण्ण शास्त्री यांनी तिचे पाठ पुन्हा तपासले. काही श्लोकांचा अर्थ अजूनही लागलेला नाही.